नवा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम : मळलेली वाट धरावी की नवी पाडावी?

घाटमाथा (मूळ लेखन)

नमस्कार. आम्ही पुण्यातले चार मित्र गेली दोन वर्षे नोकरी सांभाळून एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळाडू एखादे पात्र होऊन वावरतो असा खेळ, तयार करत आहोत. खेळाची पार्श्वभूमी कोकण आणि देश यांच्यामधल्या जुन्या व्यापाराची आहे. खेळाडू बंदरावर मीठ आणि खोबरे विकत घेतो, बैलगाडीत भरतो, घाट चढून वरच्या पेठेत विकतो आणि परतीच्या वाटेवर धान्य घेऊन उतरतो. वाटेत चोर आहेत, श्वापदे आहेत, पाऊस आहे आणि जकातीचे नाके आहेत. एका वेळी काहीशे खेळाडू एकाच जगात वावरावेत, अशी आमची इच्छा आहे.

सध्या आमच्यात दोन तट पडले आहेत. दोघांचे म्हणणे असे, की वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा याच प्रकारचा गेम २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आला, २०१० मध्ये त्याचे एक कोटी वीस लाख सदस्य होते, आणि तेव्हापासून हा साचा खेळाडूंच्या हाताला बसलेला आहे. डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह असलेला माणूस काम सांगतो, आपण दहा लांडगे मारतो, बक्षीस घेतो, पातळी वाढते. पुढे मार झेलणारा, जखमा भरून काढणारा आणि मारा करणारा अशी टोळी करून आपण मोठ्या राक्षसाला भिडतो. जे चालते त्याला हात कशाला लावायचा, असा त्यांचा प्रश्न आहे. उरलेल्या दोघांचे, म्हणजे माझे आणि आणखी एका मित्राचे, म्हणणे असे की त्या साच्यातला सर्वांत चांगला गेम आधीच अस्तित्वात आहे आणि त्यामागे वीस वर्षांचे काम आहे. तो सोडून कोणी आमच्याकडे का येईल?

एक अनुभव सांगतो, कारण त्याने मला फार अस्वस्थ केले. महिन्यापूर्वी आम्ही ओळखीच्या बारा जणांना चाचणीसाठी बोलावले. त्या आवृत्तीत आम्ही तो साचा जसाच्या तसा उतरवला होता. बाराही जण दोन तास एकाच डोंगरावर खेळले. नंतर मी संभाषणाची नोंद उघडून पाहिली, तर त्यात पाच ओळी होत्या, आणि त्यांपैकी तीन ‘माझा आवाज येतो का’ अशा होत्या. तक्रार कोणाचीच नव्हती. सर्वांनी ‘छान आहे’ असे लिहून दिले आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू असूनही एकही जण परत आला नाही.

तुम्हा सर्वांचे अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

निशाचर

नावीन्याशिवाय गेम काढू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारखाच पण वेगळ्या कपड्यांतला गेम करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनाही ते पेलले नाही, मग चौघांचे काय सांगावे?

जुनी_वही

निशाचर, इतक्या झटकन निकाल लावू नये असे मला वाटते, कारण या प्रकाराचा सगळा वंशच अनुकरणातून वाढलेला आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी फक्त मजकुरावर चालणारा ‘मड’ हा खेळ सुरू केला. त्याच्या पुढच्या पिढ्यांतला ‘डिकूमड’ नव्वदीच्या दशकाच्या आरंभी कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी लिहिला. १९९९ मध्ये आलेला एव्हरक्वेस्ट त्या डिकूमडच्या इतका जवळचा होता, की आम्ही डिकूमडच्या कोडमधले काही वापरलेले नाही, असे शपथपत्र एव्हरक्वेस्टच्या प्रोग्रामरना २००० मध्ये करून द्यावे लागले. आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या रचनाकारांपैकी रॉब पार्डो आणि जेफ कॅप्लन हे दोघे एव्हरक्वेस्टमध्ये एकाच गिल्डचे, म्हणजे खेळाडूंच्या एकाच कायमच्या संघाचे, खेळाडू होते.

म्हणजे ज्याला आपण मूळ साचा म्हणतो तोही अनुकरणच आहे. पण ते करणाऱ्यांनी हजारो तास खेळून कोठे काय टोचते ते जाणले होते. एव्हरक्वेस्टमध्ये मरण आले की मिळवलेल्या अनुभवातला, म्हणजे पातळी वाढवणाऱ्या गुणांतला, काही भाग जात असे आणि सगळे सामान प्रेतापाशी पडून राहत असे. ते आणायला उघड्या अंगाने, निःशस्त्र, त्याच राक्षसांच्या तोंडी परत जावे लागे. वॉरक्राफ्टने ती शिक्षा काढली आणि मेलेल्याला भूत होऊन आपल्या देहापर्यंत चालत जायला सांगितले. मरणाला अर्थ राहिला, पण त्यात रात्र वाया जाईना. तेव्हा घाटमाथा, तुमच्या मित्रांना एवढेच विचारा, की ते पिवळे उद्गारचिन्ह वॉरक्राफ्टमध्ये कोणता त्रास दूर करायला आले होते, आणि तो त्रास तुमच्या घाटात आहे का?

अटलांटिकपार

जुनी_वही यांनी एव्हरक्वेस्टची आठवण काढली म्हणून लिहिण्यावाचून राहवत नाही. २००० साली मी न्यू जर्सीत नवा होतो. कामावरून परतल्यावर बोलायला कोणी नसे आणि घरी फोन करायचा तर मिनिटामिनिटाचा हिशेब असे. त्या हिवाळ्यात मी एव्हरक्वेस्ट खेळू लागलो.

त्या जगात फ्रीपोर्ट बंदरातून पलीकडच्या खंडावर जायला जहाज होते आणि ते आपल्या वेळेने येई. चुकले की धक्क्यावर उभे राहायचे. एका रात्री माझे जहाज अगदी डोळ्यांसमोर सुटले. धक्क्यावर आणखी एक बुटका पुरोहित उभा होता, त्याचेही चुकले होते. करण्यासारखे काही नसल्यामुळे आम्ही बोलू लागलो. पलीकडच्या डोंगरात कोणत्या वाटेने जाऊ नये, कोणते शस्त्र विकून टाकावे, हे त्याने मला सांगितले. नंतर बोलणे मुलांवर आणि बर्फावर आले. जहाज आले तेव्हा आम्ही एकत्र चढलो, आणि पुढची तीन वर्षे जवळजवळ प्रत्येक शनिवारी एकत्र खेळलो. तो ओहायोतला शाळामास्तर होता. आता तो निवृत्त झाला आहे आणि दर दिवाळीला त्याचा मला फोन येतो.

वॉरक्राफ्टमध्ये २००९ च्या डिसेंबरमध्ये अशी सोय आली, की एक बटण दाबले की यंत्रच पाच अनोळखी माणसे गोळा करून थेट गुहेच्या दारात उभी करते. सोय फार मोठी आहे, मी स्वतः ती वापरली आहे. पण त्या गुहांतून मी शेकडो लोकांबरोबर गेलो असेन आणि त्यांतल्या एकाचेही नाव मला आठवत नाही. तुमच्या नोंदीतल्या त्या पाच ओळी वाचून मला ते आठवले. नक्कल करताना तुम्ही २००४ चा वॉरक्राफ्ट घेतला नाहीत, त्यानंतरच्या अनेक वर्षांत गुळगुळीत झालेला घेतलात, असे मला वाटते.

रात्रपाळी

अटलांटिकपार यांची आठवण हृद्य आहे, परंतु मला त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाची भीती वाटते. मी परिचारिका आहे. मुलगा झोपल्यावर मला रोज चाळीस मिनिटे मिळतात, कधी तीही मिळत नाहीत. ज्या गेममध्ये जहाजाची वाट पाहण्यात वीस मिनिटे जातील तो मी खेळूच शकणार नाही. वाट पाहायला लावणे म्हणजे माणसे जोडणे, असे समीकरण करू नये. ज्यांच्यापाशी वेळ आहे त्यांनाच ते परवडते.

वॉरक्राफ्टकडून घेण्यासारखी एक गोष्ट मला विशेष वाटते. गेम तयार होत असताना त्यांनी असा नियम केला होता, की फार वेळ सलग खेळले की मिळणारा अनुभव निम्मा होईल. चाचणी करणारे खेळाडू चिडले. मग त्यांनी तोच नियम उलट्या बाजूने मांडला : विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट अनुभव मिळतो, आणि विश्रांती संपली की नेहमीइतका. आकडे जवळजवळ तेच राहिले, पण खेळाडूच्या मनातली शिक्षा जाऊन तिथे बक्षीस आले. माझ्यासारखीला त्यामुळे असे वाटते, की मी नव्हते तेव्हा या जगाने माझी आठवण ठेवली. यालाही नावीन्यच म्हणावे लागेल, आणि ते डोळ्यांत भरणारे नाही.

आणखी एक. जुन्या गेममध्ये राक्षसावर पहिला घाव ज्याचा, बक्षीस त्याचे, त्यामुळे रानात दुसरा माणूस दिसला की कपाळाला आठी पडत असे. २०१२ च्या गिल्ड वॉर्स २ मध्ये जे जे लढाईला हातभार लावतात त्या सर्वांना आपापला पूर्ण वाटा मिळतो. तिथे अनोळखी माणूस धावत येताना दिसला की मला बरे वाटते. कोणी कोणाची वाट पाहत नाही, तरी सोबत मिळते.

कोकणकन्या_८१

रात्रपाळी यांच्याशी पूर्ण सहमत. कॉलेजात असताना आम्ही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून रॅग्नारोक ऑनलाइन खेळत असू. तिथे वाट पाहणे म्हणजे खिशातले पैसे जाणे होते. तरीही प्रोंटेरा शहराच्या रस्त्यांवर खेळाडू ओळीने दुकाने मांडत, त्या गर्दीतून भाव विचारत फिरणे हा माझा सर्वांत आवडता भाग होता, हेही तितकेच खरे. तुमच्या वरच्या पेठेत खेळाडूंना स्वतःचे दुकान मांडता येते का?

निशाचर

मी माझे पहिले विधान थोडे सुधारून मांडतो. नावीन्य म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर २००३ चा स्टार वॉर्स गॅलक्सीज होता. त्यात तीसहून अधिक व्यवसाय होते आणि लढणे हा त्यांपैकी काहींचाच धर्म होता. कोणी शिंपी होता, कोणी घरे बांधणारा. लढून थकलेल्यांचा शीण घालवण्याचे काम खानावळीतल्या नर्तकांचे आणि वादकांचे होते, आणि तेही खेळाडूच असत. योद्ध्याला तिथे येऊन बसावेच लागे, आणि बसला की तो बोलत असे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने हे सगळे मोडून नऊ ठोकळेबाज व्यवसाय केले आणि लढाई सोपी, वेगवान केली. वर्षानुवर्षे शिंपीकाम केलेल्यांच्या हातून त्यांची ओळखच गेली. जुने खेळाडू मोठ्या संख्येने निघून गेले आणि नवे आले नाहीत. २०११ च्या डिसेंबरमध्ये तो गेम बंद झाला. आपल्यापाशी असलेले वेगळेपण टाकून दुसऱ्यासारखे व्हायला गेले की काय होते, याचे यापेक्षा दुःखद उदाहरण मला माहीत नाही.

सुमेधा_ठाणे

याच्या अगदी उलट घडलेली हकिगत सांगते. फायनल फँटसी १४ हा गेम २०१० च्या सप्टेंबरच्या अखेरीस आला तेव्हा तो इतका वाईट होता, की कंपनीला खेळाडूंची माफी मागावी लागली. डिसेंबरमध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे आली. ते पुढे जाहीर व्याख्यानात सांगत, की जुन्या गेममधल्या एका फुलाच्या कुंडीत सुमारे एक हजार बहुभुज (ज्यांनी चित्रातली वस्तू घडते ते छोटे तुकडे) होते, म्हणजे जवळजवळ एका खेळाडूच्या पात्राइतके. विचार करा, सगळी शक्ती त्या कुंडीवर खर्च झाली होती आणि पडद्यावर वीस माणसे आली की गेम अडखळत असे. त्यांनी आपल्या चमूला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायला लावला, आणि आपण त्याच्याकडून शिकलो हे कधी लपवले नाही. जुना गेम चालू ठेवूनच त्यांनी नवा बांधायला घेतला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आकाशातून चंद्र कोसळून ते जग संपले असे कथेतच दाखवून त्यांनी जुने सर्व्हर बंद केले, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्याच जगाचा पुनर्जन्म झाला. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन गेमपैकी एक आहे.

सांगायचा मुद्दा पुढे आहे. त्या गेममध्येही बटण दाबून अनोळखी माणसे गोळा होतात, अटलांटिकपार म्हणतात तशीच. परंतु टोळीत एखादा नवखा प्रथमच त्या गुहेत आला असेल, तर इतर सर्वांना जादा बक्षीस मिळते, आणि तसे पडद्यावर जाहीर होते. मी पहिल्यांदा एका गुहेत गेले तेव्हा माझ्या चुकीने चौघेही दोनदा मेले. मी माफी मागू लागले तर एक जण म्हणाला, काही हरकत नाही, तुझ्यामुळेच आज आम्हाला जास्त मिळणार आहे, सावकाश शिक. बाकी सगळा साचा ओळखीचा होता, फक्त नवख्याकडे पाहण्याची नजर त्यांनी त्या एका नियमाने बदलून टाकली. म्हणून मी म्हणते, हातांना सवयीचे आहे ते खुशाल घ्या, आणि माणूस माणसाशी कसा वागेल तेवढेच नव्याने लिहा.

जुनी_वही

सुमेधाताई, शेवटचे वाक्य फार नेमके आहे. त्याला जोडून विरुद्ध दिशेचे एक उदाहरण देतो. अल्टिमा ऑनलाइन १९९७ मध्ये आला तेव्हा त्याच्यासाठी संपूर्ण परिसंस्था रचलेली होती : गवत, गवत खाणारे ससे, सशांमागे लांडगे, आणि भक्ष्य संपले की गावाकडे वळणारी श्वापदे. रचनाकार राफ कॉस्टर यांनी नंतर लिहिले आहे, की खेळाडूंनी समोर येईल ते सगळे इतक्या वेगाने मारले की त्या व्यवस्थेला रुळायला वेळच मिळाला नाही, आणि तिचे अस्तित्व जवळजवळ कोणाच्या लक्षातही आले नाही. अखेर ती काढून टाकली गेली. इतके सुंदर नावीन्य वाया गेले, कारण ते खेळाडूंच्या परस्परसंबंधांना कोठेच स्पर्श करत नव्हते.

तळ्याकाठी

परस्परसंबंध पुरेसे असतात, हेही मला पूर्ण पटत नाही. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ‘ग्लिच’ नावाचा गेम आला होता. त्यात लढाई जवळजवळ नव्हतीच. बागा लावायच्या, स्वयंपाक करायचा, एकमेकांना भेटी द्यायच्या. मी तो मनापासून खेळले. लोक इतके सौम्य होते, की मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही गेममध्ये तसे वातावरण नव्हते. २०१२ च्या डिसेंबरमध्ये तो बंद झाला, कारण आत आलेल्या नवख्याला आता नेमके काय करायचे ते कळत नसे आणि तो पाच मिनिटांत निघून जाई. त्या चमूने आपसातल्या कामासाठी केलेली संदेशाची व्यवस्था पुढे स्लॅक या कार्यालयीन संदेशांच्या ॲपच्या रूपाने जगभर गेली, पण गेम गेला तो गेलाच. घाटमाथा, ते पिवळे उद्गारचिन्ह निदान पहिल्या तासापुरते तरी राहू द्या, अशी माझी विनंती आहे.

निशाचर

आणि जुन्या कष्टांची नक्कल करणेही तारत नाही, हे मान्य. वाइल्डस्टार २०१४ मध्ये चाळीस जणांच्या रेड, म्हणजे मोठ्या टोळीने मिळून करायच्या मोहिमा, घेऊन आला, कारण जुने खेळाडू ‘पूर्वीसारखे कठीण हवे’ असे म्हणत होते. चाळीस जणांना एका वेळी जमवणे हीच मोठी लढाई होऊन बसली. २०१८ मध्ये तो बंद झाला.

लदणी

मी गेमबद्दल फारसे जाणत नाही. घाटवाटांवर भटकणे आणि त्यांच्याविषयी वाचणे हा माझा छंद आहे. मूळ लेखनातल्या एका गोष्टीविषयी सांगावेसे वाटते. तुम्ही खेळाडूला बैलगाडी दिली आहे, परंतु कोकणात उतरणाऱ्या बहुतेक जुन्या वाटा पायऱ्यांच्या, नाळेच्या (डोंगरातल्या खडकाळ घळीच्या) आणि अरुंद कड्यांच्या आहेत. तिथून गाडी जाऊच शकत नाही. गाडीरस्ते पुष्कळ उशिरा झाले. त्यापूर्वी माल जाई तो लदणीच्या बैलांवरून, आणि लमाणांचे तांडे ती वाहतूक करत.

बैलाच्या पाठीवर गोण घालतात, म्हणजे दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडथैली. ती दोन्हीकडे सारखी भरावी लागते, नाहीतर कडेने चालताना बैलाचा तोल जातो. भरलेली गोण चढवायची तर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, अशी दोन माणसे लागतात. एकट्याने चढवू गेले तर ती पलीकडे घसरते आणि जनावर बिथरते. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असे परंपरेने सांगतात. त्या माथ्यावर उभे राहिले की मला नेहमी वाटते, इथे येईपर्यंत प्रत्येक गोण कोणीतरी दोघांनी मिळून उचललेली होती.

घाटमाथा

उत्तर द्यायला दहा दिवस लावले याबद्दल क्षमस्व. कारण खाली सांगतो.

लदणी, तुमचा प्रतिसाद मी त्याच रात्री तिघांना वाचून दाखवला. गाडीची चूक ऐकून आम्ही चौघेही ओशाळलो, आणि मग गोणीवर बोलत पहाटेचे दोन वाजले. आम्ही गाडी काढून टाकली. आता खेळाडूपाशी दोन बैल आहेत आणि रिकामी गोण तो एकटा घालू शकतो, परंतु भरलेली चढवायला पलीकडच्या बाजूला दुसरा खेळाडू लागतो. तो आला की दोघांनी एकाच वेळी कळ दाबायची, तीन सेकंदांचे काम. जो हात देतो त्याला माल विकला जाईल तेव्हा थोडा वाटा मिळतो, रात्रपाळी यांनी सांगितलेल्या गिल्ड वॉर्सप्रमाणे, आणि मालकाचा त्यात काहीही तोटा होत नाही. नवख्याची पहिली गोण असेल तर हात देणाऱ्याचा वाटा दुप्पट, ही कल्पना सुमेधाताईंची. उद्गारचिन्हे बंदरावरच्या पहिल्या गावात ठेवली आहेत, घाटात एकही नाही. पातळ्या, सामानाची पेटी, कळा, नकाशा हे सगळे जसे लोकांना ठाऊक आहे तसेच आहे. कोकणकन्या, पेठेत दुकान मांडता येत नाही, पण तुमच्या प्रश्नानंतर ते काम सुरू केले आहे.

परवा त्याच बारांपैकी आठ जण पुन्हा आले. घाटाच्या अर्ध्यावर पावसात एकाचा बैल घसरला आणि गोण पडली. नोंदीतली पहिली ओळ अशी आहे : ‘खालच्या वळणावर कोणी आहे का, गोण धरायला या.’ त्यानंतर दीड तासात दोनशेहून अधिक ओळी आहेत. काल रात्री, आम्ही न बोलावता, त्यांतले पाच जण परत आले.

अटलांटिकपार

वाचून फार आनंद झाला. पण एक रास्त शंका विचारतो. तुमच्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असताना मी इथे संध्याकाळी खेळायला बसेन. घाटात तेव्हा मी एकटाच असेन. माझी गोण कोण धरणार? दोन माणसे लागतील असे नियम करणारे जुने गेम सर्व्हर रिकामे होऊ लागले की याच ठिकाणी अडकले आणि उरलेलेही सोडून गेले.

घाटमाथा

याच प्रश्नावर आमच्यात पुन्हा दोन तट आहेत. सध्या प्रत्येक टप्प्यावरच्या नाक्यात एक हमाल ठेवला आहे. तो गोण धरतो, पण पैसे आधी घेतो, आणि नाका सोडून खाली येत नाही. अर्ध्या वाटेत गोण पडली तर बैल तिथेच बांधून नाक्यापर्यंत थोडा थोडा माल डोक्यावरून न्यावा लागतो. हे फार जाचक होते का, ते तुम्ही खेळून सांगितलेत तरच आम्हाला कळेल. तुमच्या वेळेला सर्व्हर चालू ठेवतो.

रात्रपाळी

मलाही चाचणीला यायला आवडेल. शनिवारी रात्री साडेदहानंतर चाळीस मिनिटे आहेत, तेवढ्यात एक खेप होईल का?

घाटमाथा

बंदरापासून पहिल्या नाक्यापर्यंतची नक्की होईल. शनिवारी साडेदहाला मी धक्क्यावर उभा असेन. पहिली गोण मी धरतो.